तेवीस नंबरचं जंगल

माझ्या हातून एक अख्खं गाव जंगल झालं आणि एक डोंगर गाव झाला. ही चूक दुरुस्त व्हायला तीन वर्षं लागली. नोकरीत होतो तोवर यातलं अवाक्षर कुणाजवळ काढलं नाही. आता पेन्शनीत आहे, सांगायला हरकत नाही.

आमचं घर तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं. थोरल्या भावानं देवीची सेवा धरली आणि मला वडिलांनी उर्दू शाळेत घातलं, कारण निजामाच्या राज्यात कचेरीत शिरायचं तर उर्दू लागायचीच. मी शिकून तयार झालो आणि निजामाचं राज्य गेलं. वडील कितीतरी दिवस माझ्याकडं असे बघायचे, जसं काही ते मीच घालवलं. पण पुढं आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला, नवे साहेब सगळं मराठीत मागायला लागले, आणि जुनी दप्तरं तर उर्दूत. मग माझी किंमत एकदम वाढली. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या कचेरीत मला खिडकीजवळची जागा मिळाली आणि लोक मला मुन्शीजी म्हणायला लागले. काम एकच. जुन्या मिसली, म्हणजे फायली, सोडायच्या, धूळ झटकायची, मराठीत तर्जुमा करायचा आणि कागद पुढं पाठवायचा. ‘जंगल’ हा शब्द मी त्या काळात शेकडो वेळा लिहिला असेल. जंगलात मात्र एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात कचेरीत डोळ्यांची साथ आली. आधी शिपायाचे आले, मग पेशकारांचे, मग माझे. एक डोळा पुरता चिकटलेला, दुसऱ्यातून पाणी. रजा मागितली तर तहसीलदार म्हणाले, सगळ्यांचेच आलेत, मग कचेरी बंद ठेवू का? तेव्हा एका हातात बोरिकच्या पाण्याची चिंधी आणि दुसऱ्या हातात टाक, असं माझं काम चाललं होतं. उर्दूतला दोन आणि तीन दिसायला सख्खे भाऊ. एका दाताचा काय तो फरक. नळदुर्गाच्या सडकेपासून आत, डोंगराच्या कुशीतल्या एका गावाची मिसल माझ्यापुढं होती. हे गाव पूर्वी नदीकाठी होतं. पुरात बसलं म्हणून वर सरकलं, आणि ज्या जमिनीवर सरकलं तिचा सर्व्हे नंबर तेवीस. मागचा झाडीचा डोंगर बत्तीस. मी तेवीसपुढं ‘जंगल’ लिहिलं आणि बत्तीसपुढं ‘गावठाण, आबादी’ लिहिलं. खाली सही केली, ओल्या शाईवर वाळू टाकली, आणि चिंधी पुन्हा डोळ्यावर धरली.

पुढच्या वर्षी जंगल खात्यानं तालुक्यातली जंगलं राखीव करायचा हुकूम काढला आणि त्या गावासाठी एक नाकेदार नेमला. नाकेदार म्हणजे जंगलाची राखण करणारा. हा गडी उमरग्याच्या पलीकडचा, कानडी मुलखाच्या वेशीवरचा. चाळिशीचा, उंच, खाकी कोटाची सगळी बटणं लावणारा. होकार द्यायचा तर ‘हौदु’ म्हणायचा. हुकूम कोटाच्या आतल्या खिशात घालून तो गावात आला, तेवीस नंबर कुठं म्हणून विचारत विचारत चावडीपाशी पोचला, आणि लोकांनी त्याला सांगितलं की तुम्ही त्यातच उभे आहात.

त्यानं हुकूम दोनदा वाचला. मग माली पाटलांना, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या पाटलांना, बोलावणं पाठवलं. पाटील साठीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी घरं दाखवली, गोठे दाखवले, मारुतीचं देऊळ दाखवलं, हे गाव आहे म्हणून सांगितलं. नाकेदारानं सगळं आदबीनं पाहिलं आणि म्हणाला, “मला बी गाव दिसतंय, पाटील. पण माझ्या डोळ्याची सही चालत नाही. कागदावर साहेबाची सही आहे.”

दुसऱ्या दिवसापासून त्यानं गावाचं रक्षण सुरू केलं.

गावातली झाडं मोजून त्यानं बुंध्यांवर डांबरानं आकडे घातले. पारावरच्या पिंपळाला एक नंबर मिळाला. एका घराच्या परसातला शेवगा चोपन्न. शेवग्याच्या शेंगा हा जंगलातला माल ठरला आणि त्या काढायला चिठ्ठी लागायला लागली. चिठ्ठी तो लगेच द्यायचा, एक शब्द न बोलता, पण द्यायचा चावडीत बसूनच. त्यामुळं बायांना आमटी टाकायच्या आधी चावडीत जावं लागे. उन्हाळ्यात जंगलात विस्तव पेटवायला बंदी, आणि गावात तर घरोघर चूल. यावर त्यानं दोन दिवस विचार केला आणि चुलींच्या वेळा ठरवून दिल्या. त्या वेळात तो पाण्याची बादली घेऊन गल्लीतून फिरायचा. एकदा खरंच एका कडब्याच्या गंजीला ठिणगी लागली आणि त्यानं ती विझवली, तेव्हापासून बायांचा त्याच्यावरचा राग थोडा कमी झाला.

सगळ्यात जास्त हाल झाले ते शेळ्या राखणाऱ्या एका मावशीचे. ही पन्नाशीची विधवा बाई. रोज सकाळी शेळ्या घेऊन डोंगरावर जायची, दिवस कलला की परत. राखीव जंगलात शेळ्यांना मनाई. डोंगर मात्र कागदावर गावठाण, तिथं शेळ्यांना मोकळीक. म्हणजे तिच्या शेळ्या डोंगरावर दिवसभर कायद्यानं चरायच्या आणि घराकडं वळल्या की गुन्हेगार व्हायच्या. नाकेदार रोज वेशीवर उभा राहून त्यांना आत यायची चिठ्ठी द्यायचा. त्याच वेशीवरच्या चिंचेला त्यानं पाटी ठोकली होती: राखीव जंगल, परवानगीशिवाय आत येऊ नये.

पाटील कचेरीत आले तेव्हा मला हे पहिल्यांदा कळलं. त्यांनी तहसीलदारांपुढं तक्रार ठेवली, तहसीलदारांनी मला मिसल काढायला सांगितली. मी मागच्या खोलीत जाऊन ती सोडली. आता माझे डोळे स्वच्छ होते. उर्दू कागद आणि माझा तर्जुमा शेजारी शेजारी ठेवला आणि माझ्याच अक्षरात तेवीसचं बत्तीस झालेलं दिसलं. नोकरीत कायम होऊन मला वर्षसुद्धा झालं नव्हतं. लग्न नुकतंच झालेलं. मी मिसल पुन्हा बांधली, माझ्या पेटीत टाकली, बाहेर आलो आणि तहसीलदारांना सांगितलं की मूळ कागद सापडत नाहीत, शोधावे लागतील. तहसीलदारांनी पाटलांना सांगितलं, शोध चालू आहे. पाटील हात जोडून गेले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर म्हणालो, दाढ दुखतेय.

मी गप्प राहिलो असतो तर किती दिवस राहिलो असतो कुणास ठाऊक. पण फाल्गुनात कोळशाचा ठेकेदार आला. त्यानं तेवीस नंबरच्या जंगलाची तोड घेतली होती. माणसं, कुऱ्हाडी, गाड्या असा सगळा फड घेऊन तो गावात उतरला, आणि नाकेदारानं त्याला पारावरचा पिंपळ दाखवला. नंबर एक, इथून सुरुवात. ठेकेदार आधी हसला. मग म्हणाला, मला डोंगर तोडायचाय. नाकेदार म्हणाला, डोंगर गावठाण आहे, माणसांच्या वस्तीत कुऱ्हाड लावता येत नाही. पिंपळाला हात लावायची ठेकेदाराच्या माणसांची छाती नव्हती, आणि गावानंही तो लावू दिला नसता. डोंगर हुकमात नव्हता. फड आठ दिवस ओढ्यात बसून राहिला.

ठेकेदारानं कचेरीत अर्ज दिला की डोंगरावर एक घर नाही, तेव्हा ते गावठाण असूच शकत नाही. अर्ज तर्काला धरून होता. तहसीलदारांनी हुकूम केला की डोंगरावर वस्ती आहे की नाही याचा पंचनामा करा, आणि लिहायला मला पाठवलं, कारण जुना कागद वाचता येणारा मी एकटाच.

चैत्रातली सकाळ होती. पाटील, नाकेदार, ठेकेदार आणि मी असे निघालो. वाट माहीत असलेली म्हणून ती मावशी पुढं, शेळ्यांसकट. माझ्या काखेत आबादीचा, म्हणजे वस्तीच्या नोंदीचा, छापील कागद होता. त्यात रकाने ठरलेले: कुटुंबप्रमुख कोण, घर कच्चं की पक्कं, पाण्याची सोय काय.

खाली गावात ऊन चटके देत होतं. डोंगराच्या पायथ्याशी धावड्याची झाडी सुरू झाली आणि अंगावर एकदम गार लहर आली. मी थांबलो. पाटलांना वाटलं मला धाप लागली. वर खैर, टेंभुर्णी, सालई, आणि मधल्या मोकळ्यात सीताफळीची झुडपंच झुडपं. पानगळ झालेली, खाली पाचोळ्याचा थर असा की चप्पल बुडत होती. मावशीनं शेळ्या एका बाजूलाच ठेवल्या. पलीकडं का सोडत नाही असं विचारलं, तर म्हणाली, तिकडं कोवळे कोंब आहेत, शेळीच्या तोंडी लागले की झाड व्हायचं नाही. हे तिला कुणी हुकूम काढून सांगितलं नव्हतं.

ठेकेदार म्हणाला, दाखवा आता वस्ती. नाकेदारानं इकडंतिकडं पाहिलं आणि एका दरडीखालच्या बिळाशी जाऊन उभा राहिला. तिथं काळेपांढरे काटे पडले होते. त्यानं मला लिहायला सांगितलं. कुटुंबप्रमुख साळिंदर, घर जमिनीखाली, दारं दोन. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. चेष्टा करणं त्याला येतच नसावं. कागदावर आबादी आहे म्हणजे आबादी असली पाहिजे, आणि ती शोधणं हे त्याचं काम होतं.

मी लिहिलं. खरं सांगायचं तर भीतीनं लिहिलं. पंचनामा जितका लांबेल तितकी माझी चूक उघडी पडायला उशीर, एवढाच माझा हिशेब होता. मग सालईवरचे मोर झाले, घर उघड्यावर. कपारीत तरसाचं कुटुंब, हाडांवरून ओळखलेलं, कुटुंबप्रमुख बाहेर गेलेला. ससे, खोकड, घोरपड. मावशी एकेकाची जागा दाखवत होती, शेजाऱ्याचं घर दाखवावं तशी. कोण किती वर्षांपासून राहतो, कोणाला यंदा पिल्लं झाली, सगळं तिला तोंडपाठ. लांडग्यांची एक जोडी मात्र नवी आहे, ती शेजारच्या डोंगरावरून आली, असं तिनं सांगितलं. शेजारचा डोंगर चार वर्षांपूर्वी कोळशासाठी तोडला होता. आम्ही उभे होतो तिथून तो दिसत होता, उघडाबोडका.

पाण्याच्या सोयीचा रकाना आला तेव्हा तिनं आम्हाला झऱ्यावर नेलं. कातळाच्या फटीतून बोटाएवढी धार आणि खाली गुडघाभर डोह. पाटील म्हणाले, हेच पाणी जमिनीखालून झिरपत आमच्या आडाला येतं. शेजारच्या गावाचा आड डोंगर तोडल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात आटला, रानडुकरं खाली उतरली आणि ज्वारीत घुसली. आता त्या गावातले निम्मे लोक कामासाठी सोलापुराकडं गेले आहेत.

ठेकेदाराला या गोष्टींत रस नव्हता. झाड किती कसदार आहे ते बघायला त्यानं एका जाड अंजनाच्या खोडावर काठीनं दोनदा ठोकलं. वरच्या फांदीला आग्या मोहोळ होतं.

पुढचं माझ्या डोळ्यांसमोर तुकड्यातुकड्यांनी आहे. मावशीनं घोंगडं फेकलं आणि मला मानेला धरून त्याखाली दाबलं. पाटील आधीच पालथे पडले होते. नाकेदार कोटाची कॉलर वर करून ताठ उभाच राहिला आणि चावून घेत राहिला. ठेकेदारानं डोहात उडी मारली, पण पाणी गुडघाभर, त्यामुळं तो वरून बराचसा उघडाच होता. सगळं शांत झाल्यावर त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. तशा चेहऱ्यानं त्यानं मी पुढं केलेल्या कागदावर पंच म्हणून सही केली. वाचायला त्याला डोळे उघडताच येत नव्हते. नाकेदारानं सुजलेल्या ओठांनी मला शेवटची ओळ सांगितली, ती मी तशीच घातली: तोडीच्या प्रस्तावास रहिवाशांनी जागेवर हरकत नोंदवली.

ठेकेदार खाली गेला. नाकेदार त्याला आधार देत गेला. मावशी कसला तरी पाला चुरडून माझ्या मानेवर चोळत होती. पाटील शेजारी बसले होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सांगून टाकलं की तेवीसचं बत्तीस मी केलंय, डोळे आले होते, मूळ कागद हरवलेले नाहीत, माझ्या पेटीत आहेत. मला वाटलं आता पाटील उठतील आणि सरळ तहसीलदारांकडं जातील. त्यांनी विचारलं, दुरुस्ती केली तर किती दिवसांत होईल? मी म्हणालो, कागद आज काढले तर महिन्यात. त्यांनी विचारलं, आणि मग ठेकेदार डोंगर तोडणार? मी म्हणालो, हो, मग तो हक्कानं तोडेल.

मावशी पाला चोळायची थांबली. म्हणाली, “त्या डोंगरावरचं लांडगं हितं ऱ्हायला आलं. आमचा डोंगर गेला तर आमी कुणाकडं जावं?”

पाटील म्हणाले, “मुन्शीजी, तुमची पेटी बंदच राहू द्या. आमी ऱ्हातो जंगल.”

त्यांनी गावाला चावडीत बोलावून काय ते सांगितलं. माझं नाव काढलं नाही. थोडी कुरकुर झाली, पण आडाच्या पाण्याचा विषय निघाल्यावर ती थांबली. आणि मग त्या गावानं जंगल होऊन राहायचं खरोखरच मनावर घेतलं. शेंगांच्या चिठ्ठ्या रांगेनं घ्यायला लागले. चुली वेळेवर पेटायला आणि वेळेवर विझायला लागल्या. नाकेदाराला हा बदल कळेना. पूर्वी लोक भांडायचे तेव्हा त्याला आपलं काम नीट समजायचं. आता एक शेतकरी येऊन विचारायचा की माझी म्हैस व्यायलीय, रेडकाची नोंद कशात करायची, तेव्हा तो रात्रभर तळमळायचा. गावातल्या कुत्र्यांचं काय करायचं हे विचारायला तर तो खास कचेरीत माझ्याकडं आला होता. आम्ही दोघांनी मिळून ‘कोल्ह्यासारखी, परंतु भुंकणारी’ असा मजकूर ठरवला.

वैशाखात पाटलांच्या पुतण्याची सोयरीक आली. बेंबळीचे लोक घर बघायला यायचे होते. मुलीचे वडील बैलगाडीतून उतरले आणि चिंचेवरची पाटी वाचून तिथंच उभे राहिले. मी त्या दिवशी गावात होतो, शोध चालू आहे हे दाखवायला मला अधूनमधून जावंच लागे. पाटील सामोरे गेले तर पाहुणे म्हणाले, पोरगी घरात द्यायची म्हणून आलोय, जंगलात द्यायची नाही. पाटलांनी हे फक्त कागदावरचं आहे म्हणून सांगितलं. तेवढ्यात नाकेदार आला आणि पाहुण्यांकडं प्रवेशाची चिठ्ठी मागायला लागला. मामला हाताबाहेर चालला होता. नाकेदारानं आपल्या परीनं समजूत घातली की या जंगलात वाघ नाही, वर्षभरात एकाही माणसाला इजा झालेली नाही. त्यामुळं पाहुणे आणखीच बिथरले.

गाडी वळवायची तर बैलांना पाणी पाजायला हवं होतं. पाहुणे बैल घेऊन आडाकडं गेले. पोहरा सोडला आणि तो लगेच पाण्याला लागला. त्यांनी वाकून आत पाहिलं. वैशाखात त्यांच्याकडं रांजणभर पाण्यासाठी बाया पहाटेपासून विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरत होत्या. त्यांनी पाटलांना विचारलं की हे कुठवर पुरतं. पाटील म्हणाले, मिरगापर्यंत, आणि पुढं गरज पडत नाही. पाहुण्यांनी बैल बांधले, तोंड धुतलं, पटका नीट बांधला आणि नाकेदारापाशी जाऊन म्हणाले, “बरं, द्या तुमची चिठ्ठी.”

लग्न जेठात झालं. जंगलात ढोल वाजवायला परवानगी लागते म्हणून नाकेदारानं ती दिली, खाली अट घातली की वन्य जनावरांना त्रास होऊ नये. वरातीत तो सगळ्यांत पुढं होता.

वस्तीच्या पंचनाम्यावर ठेकेदाराचीच सही असल्यामुळं त्याची तोड अडून राहिली होती. तिसऱ्या वर्षी त्याच्या अर्जांमुळं वरून एक मोठे साहेब तपासणीला आले. जीप होती, नकाशा होता, डबा होता. ड्रायव्हरनं नकाशात जंगल म्हणून जिथं हिरवा रंग पाहिला तिथं, म्हणजे शेजारच्या तोडलेल्या डोंगरावर, जीप चढवली. मी मागं बसलो होतो. सांगायचा प्रयत्न केला, पण साहेबांनी मधे बोलू नका म्हणून सांगितलं. वर पोचलो तेव्हा बारा वाजले होते. साहेबांनी जंगल कुठं म्हणून विचारलं. तिथं तोडलेल्या झाडांच्या राहिलेल्या मुळ्या खणणारा एक म्हातारा होता. तो म्हणाला, “जंगल दप्तरात हाय, सायेब. हितं नुसती दगडं.”

साहेबांना जेवायचं होतं. सावलीसाठी त्यांनी तो सगळा माळ पालथा घातला. जीपखाली बसायचाही विचार झाला. शेवटी मी धीर करून म्हणालो की पलीकडच्या डोंगरावर झाडी आहे, पण कागदावर ते गावठाण आहे. साहेब म्हणाले, कागद गेला खड्ड्यात, तिकडं घ्या.

झऱ्यापाशी धावड्याखाली त्यांनी डबा सोडला. जेवण झाल्यावर पाचोळ्यावर सतरंजी टाकून आडवे झाले आणि झोपले. आम्ही सगळे, पाटील, नाकेदार, मावशी, मी, तिथंच गुपचूप बसलो. साहेब घोरत होते. समोर एक लांडोर पाण्यावर आली, प्यायली, साहेबांच्या बुटांपाशी येऊन काहीतरी टिपून गेली. शेळीनं हालचाल केली तर मावशी तिचं तोंड धरायची. असा तास दीड तास गेला.

साहेब उठले, तोंड धुतलं, पाणी प्यायले आणि मग कागद मागितले. मी आता लपवलं नाही. पेटीतले मूळ कागद आणले होते, ते पुढं ठेवले. त्यांनी माझा पंचनामा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. साळिंदरापाशी थांबले, पुढं गेले. मग विचारलं, हे अक्षर कुणाचं. मी म्हणालो, माझं. तेवीसचं बत्तीस कसं झालं? मी म्हणालो, डोळे आले होते. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

“आता बरे आहेत ना?”

मी हो म्हणालो.

त्यांनी तिथंच मांडीवर कागद घेऊन दोन हुकूम लिहिले. पहिला, नंबर दुरुस्त करून गाव गाव आणि डोंगर जंगल करावा. दुसरा, या डोंगरावरचा झरा गावच्या पिण्याच्या पाण्याचा असल्यामुळं कोळशाची तोड कायमची रद्द करावी. पाटलांनी वाकून नमस्कार केला तर साहेब संकोचले. म्हणाले, मला बऱ्याच दिवसांत अशी झोप लागली नव्हती.

चुकीबद्दल माझ्या नोकरीच्या पुस्तकात लेखी ताकीद आली आणि मला तर्जुम्यावरून काढून जन्ममृत्यूच्या नोंदीला बसवलं. ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात गेला. त्याला दुसरा डोंगर मिळालाच. हे मी विसरू शकत नाही, पण त्याला माझ्याकडं काही इलाज नव्हता. नाकेदारानं गावातली पाटी काढली आणि तिसऱ्या दिवशी बिछाना घेऊन डोंगरावर राहायला गेला. लोकांनी त्याला पायथ्याशी खोपट बांधून दिलं. सुट्टीच्या दिवशी मी तिथं जायला लागलो. बायकोलाही एकदा सीताफळाच्या दिवसांत नेलं. ती झऱ्यावर पाय सोडून बसली आणि म्हणाली, तुमचं काम असल्या जागी चालायचं असं तुम्ही कधी बोलला नाहीत.

दोन वर्षांनी नाकेदाराची बदली झाली. त्याला जायचं नव्हतं. माझ्याकडून त्यानं अर्ज लिहून घेतला, अर्ज नामंजूर झाला, आणि तो कोटाची बटणं लावून गेला. नव्या जागेवरून त्याचं पत्र आलं. इथलं जंगल राखीव आहे, हद्दीचे दगड ठीक आहेत, झाड एकही नाही. दिवसभर दगडांवर पहारा करतो.

मी पत्र मावशीला वाचून दाखवलं. चार दिवसांनी तिनं फडक्यात बांधून बिया आणून दिल्या. सीताफळाच्या, खैराच्या, धावड्याच्या, काही मला ओळखूही येईनात. मी त्या पिशवीत शिवून टपालानं पाठवल्या.

पावसाळा लागायच्या आधी त्याचं उत्तर आलं. बिया पोचल्या, अर्ध्या टोकल्या, उरलेल्या पाऊस बघून टोकतो. पण एक अडचण आहे, बिया आवक वहीत कोणत्या सदराखाली दाखवाव्यात ते कृपया कळवावं.